गोधडी क्रमांक ४ : मशीन कराडला पोचलं, या वेळी धड

गोधडी अर्धीच झाली आहे, पण आजची नोंद तिची नाही, शिवणमशीनची आहे. पुण्यातलं सहकारनगर ते कराड आणि परत, आणि पोचल्यावर पहिल्याच चिंधीवर सरळ टीप. तीन खेपांत हे पहिल्यांदा घडलं.

आधीचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : कराडला माझी आत्या असते. तिच्याकडे जुन्या लुगड्यांनी भरलेली ट्रंक आहे आणि धावदोऱ्याचा असा हात, की मोजपट्टी लावून बघावी. माझ्याकडे तुकडे जोडायला मशीन. ट्रंक पुण्याला येणार नाही ("मी गेल्यावर न्या की काय न्यायचं ते"), म्हणून मशीन तिकडे जातं. साधं टेबलावरचं झिगझॅग, साडेसहा किलो.

पहिली खेप जूनमधली. मशीनचं मूळ थर्माकोल आदल्या दिवाळीत आवराआवरीत गेलं होतं. पुठ्ठ्याचं खोकं तेवढं उरलेलं, त्यात चादर कोंबली आणि स्वारगेटहून एसटी धरली. खोकं डिकीत टाकावं लागलं. तिथे ते आडवं झालं, वर कुणाचं तरी पोतं, आणि पुढे खंबाटकी घाट.

रिळाची दांडी मोडलेली लगेच दिसली. खरा त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला. दोरा दर वीतभर अंतरावर तुटायचा. सुई बदलली, रीळ बदललं, दोऱ्याचा ताण कमी-जास्त केला, खालच्या दोऱ्याचं बॉबिन पुन्हा भरलं. शेवटी आत्याने सुईखालच्या पट्टीवर नख फिरवलं आणि म्हणाली, "इथं खरखरतंय बघ." मी सुई तशीच ठेवून मशीन बांधलं होतं. वाटेत चाक फिरलं असणार, आणि सुईने पट्टीच्या भोकाच्या कडेला धातूची बारीक कूस काढली होती. दोरा त्या कुशीवर घासून पिंजत होता. पट्टी काढून झिरो नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून भोकातून फिरवला, तेव्हा कुठे थांबलं.

शिवाय निघायच्या आदल्या रात्री मी हौसेने तेल घातलं होतं. आडव्या मशीनमध्ये ते ओघळून मोटरच्या पट्ट्यापर्यंत गेलं, पट्टा घसरायला लागला आणि आत्याच्या हिरव्या इरकलीवर डाग पडला. तेल पोचल्यावर घालायचं, निघताना नाही. डागाबद्दल ती अजून काही बोललेली नाही, याचीच मला भीती वाटते.

दुसरी खेप ऑगस्टमध्ये, कोयना एक्सप्रेसने. सुई काढलेली, मशीन उभं, माझ्या नजरेसमोर. पण पायाचं पेडल त्याच पिशवीत मशीनवर ठेवलं आणि पिनेचं टोक वाकवून घेतलं. पेडल वेगळ्या पिशवीत, वायर सैल गुंडाळून. बास.

मग एका मैत्रिणीने नवीन मशीन घेतलं आणि मी तिच्या मशीनपेक्षा तिच्या थर्माकोलकडेच बघत बसले. ते मशीनला सगळीकडून चिकटलेलं नसतं! बैठकीचे चार कोपरे आणि वरचा भक्कम हात एवढंच घट्ट धरलेलं. चाकाभोवती चक्क पोकळी. मी नेमकं उलटं करत होते : चाक नाजूक म्हणून त्याच्याभोवती सगळ्यात जास्त कपडे. पण चाक थेट आतल्या मुख्य दांड्यावर बसलेलं असतं, बाहेरून त्याला रेटा बसला की तो दांड्यालाच बसतो. धरायचं ते बिडाचं किंवा जाड अंग. फिरणाऱ्या आणि बाहेर आलेल्या भागांना कशाचाच स्पर्श नको.

म्हणून डबा केला. टिंबर मार्केटमधून ६ मिमी प्लायचे उरलेले तुकडे, बोहरी आळीतून पॅकिंगचा पांढरा कडक फोम. उशीचा स्पंज आधी लावून बघितला, पण मशीनच्या वजनाने तो दबून तळाला टेकला. तळाला ५० मिमी, बाजूंना २५, आणि चाकाच्या बाजूला फोम गोल कापून खळगा. झाकण लावून डबा कानाशी धरून तिरका करायचा. खुट्ट झालं की परत उघडायचा. तीनदा उघडला.

बांधताना सुई आणि बॉबिन केस काढून डबीत ठेवते. कापड दाबून धरणारं फूट खाली टेकवते, त्याखाली दुमडलेलं सुती कापड, म्हणजे कापड सरकवणारे खालचे दाते फुटावर आपटत नाहीत. रिळाची दांडी दुमडून चिकटपट्टी. ताणाचा आकडा वहीत.

ऑक्टोबरची खेप पुन्हा कोयनेने. डबा सीटखाली जाईना म्हणून दोन पायांमध्ये धरला. साताऱ्याला चढलेले एक काका म्हणाले, "ताई, बसू का यावर?" एवढ्या जोरात "नको" मी आयुष्यात म्हटलं नसेन. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला, तिथून रिक्षात डबा मांडीवर. आत्या दारातच, "मशीन आणलंस का नवरी गं?"

प्लग लावायच्या आधी चाक हाताने आपल्याकडे दहा वेळा फिरवलं, कुठे अडत नव्हतं. मग तेलाचे थेंब, चिंधीवर टीप, आणि लगेच काम. ६३ चौकोनांपैकी ४१ जोडून झाले.

मशीन विमानात हातातलं सामान म्हणून नेता येईल का, असं दोघींनी विचारलं होतं. हातातल्या सामानाला साधारण ७ किलोची मर्यादा असते आणि माझा रिकामा डबाच साडेतीन किलो भरतो, तेव्हा तो विषय माझ्यापुरता बंद.

पुढची खेप आईच्या काळ्या हातमशीनची. ते लाकडी बैठकीवर दोन बिजागऱ्यांवर बसतं आणि खालचे दोन स्क्रू ढिले असतील तर तिरकं करताच डोकं हातात येतं, म्हणून आधी ते आवळायचे. झाकणाची मूठ धरून तर उचलायचंच नाही, खिट्टी कधी दगा देईल सांगता येत नाही.

त्याआधी डब्याचा फोम मात्र बदलावा लागेल. मी तिथे चार दिवस होते तेवढ्यात आत्याने रिकामा डबा बघून त्यात कांदे भरून ठेवले होते.