तेलही गेलं, हवाही गेली

जयसिंगपुरात माझं गाड्यांच्या एसीचं गॅरेज आहे. एकवीस वर्षं झाली. या धंद्यात उन्हाळ्यात जेवायला फुरसत नसते आणि दिवाळीपासून होळीपर्यंत माश्या मारत बसायचं. नेमका त्याच महिन्यांत आमच्या शिरोळ तालुक्यात उसाचा हंगाम पेटलेला असतो. सगळं जग पळत असतं आणि एसीवाला तेवढा खुर्चीवर.

असाच बसलेलो असताना तात्या आले. रस्त्यापलीकडं त्यांचं पंक्चरचं दुकान. हंगामात दुकानात थोडं आणि रानात जास्त. भरलेली ट्रॉली सरीत रुतली, टायर बसलं की रात्री-अपरात्री फोन. तात्या आपली जुनी डिझेल जीप काढणार, मागं पेट्रोल इंजिनचा हवेचा कॉम्प्रेसर टाकणार. तो उचलायला दोन माणसं लागतात. थंडीत त्याची दोरी ओढून ओढून खांदा निखळायची पाळी, आणि जीपची मागची सगळी जागा तोच खातो.

कोपऱ्यात भंगाराच्या ढिगावर एक सँडन ५०८ पडला होता. तात्यांनी पायानं ढोसला.

"मेस्त्री, ह्यो एसीचा पंप न्हवं? ह्येच्यातनं हवा निघंल काय?"

"निघेल की."

"मग जीपला बसवून द्या. इंजिन फिरतंयच, त्येच्यावरच ह्यो फिरंल."

हे खूळ तात्यांचं एकट्याचं नव्हे. अमेरिकेत जीपवाले लोक कित्येक वर्षं हेच करत आलेत. त्यांच्याकडं जुन्या गाड्यांत यॉर्कचा दोन पिस्टनचा एसी पंप असायचा. त्याला इंजिनासारखा खाली स्वतःचा तेलाचा साठा, क्रँक त्यातच फिरतो. हवा मारायला तो जणू जन्मालाच आलेला. आपल्याकडं तो कुठं मिळायचा? मिळतो तो ५०८ किंवा त्याची भावंडं. यॉर्कचं आणि ५०८ चं हे अंतर मला माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं, हे पुढं कळलं.

हिशेब मात्र सुंदर बसत होता. ५०८ ला पाच पिस्टन, एका फेऱ्यात १३८ घनसेंटीमीटर हवा ओढतो. हँड थ्रॉटल ओढून पंप १५०० फेऱ्यांवर ठेवला तर कागदावर मिनिटाला २०७ लिटर. गळती, गरमी वजा जाता सव्वाशे तरी पडावी. सिगारेट लायटरला लावायच्या त्या गुरगुरणाऱ्या डब्यांपेक्षा कितीतरी जास्त. ट्रॉलीचं ९००-२० चं टायर म्हणजे पोटात शंभरावर लिटर जागा. त्यात शंभर पौंड भरायचे तर जवळपास सातपट हवा कोंबायची. सात-आठ मिनिटांचं काम. तात्या खूश, मीही खूश.

क्रँक पुलीला दुसरी खाच पाडून घ्यायला कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. तिथं लेथवर बसलेल्या माणसाला 'काय बनवताय' विचारायची सवय नाही, माप द्या आणि चहा घ्या. पंपाचं ब्रॅकेट १० मिमी पट्टीचं केलं. बटण दाबलं की पुली पंपाला जोडते ती क्लचची कॉइल, तिला चारेक अँपिअर लागतात, म्हणून मधे रिले टाकला. प्रेशर स्विच ९० पौंडाला चालू, १२० ला बंद. १४० ला उडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. पंप आणि टाकीच्या मधे एकेरी व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली हवा उलटी पंपावर येणार नाही.

टाकीवरून तात्यांशी वाजलं. ते घरातला जुना गॅसचा सिलिंडर घेऊन आले. मी म्हटलं, "हा बसवायचा असेल तर दुसरा मेस्त्री बघा." दोन दिवस बोलले नाहीत. मग ट्रकच्या एअर ब्रेकची टाकी आणली, खाली ड्रेन कॉक असलेली. ती काठोकाठ पाण्यानं भरली, नळजोडणीवाल्याच्या हातपंपानं २०० पौंडांवर नेली आणि अर्धा तास ठेवली. पाणीच का, तर पाणी दबत नाही. टाकी फुटली तर एक चिरकांडी उडेल आणि काटा खाली येईल. हवेनं तपासली आणि फुटली, तर तपासणाराही सापडायचा नाही. काटा हलला नाही. टाकीला वेल्डिंगचा एक ठिपका लावला नाही, पट्ट्यांनी आवळून बसवली.

आता माझी चूक.

पंपात तेल घालायचं होतं. एकवीस वर्षं हात जे करत आले तेच त्यांनी केलं. डब्यातलं एसीचं पॅग तेल काढलं, मापून सव्वाशे मिली घातलं, प्लग आवळला. पंपाच्या तोंडाला दुचाकीचा फोमचा फिल्टर लावला. बाहेरच्या बाजूला आपला नेहमीचा रबरी एसी होज.

तीन दिवस जीप गॅरेजसमोर उभी होती. येणारा-जाणारा विचारायचा, "हे काय काढलंय?" मी लगेच इंजिन चालू करायचो, बटण दाबायचो, ट्रिगर धरून अंगणातली धूळ उडवून दाखवायचो. समोरच्या चहावाल्याच्या पोरानं तर रोज सायकलीत हवा भरून घेतली. गरज नसताना. पंप किती शांत चालतोय म्हणून मीच खूश.

चौथ्या दिवशी रात्री अकराला तात्यांचा फोन. "मेस्त्री, चला. उद्घाटन हाय."

कृष्णाकाठच्या मळीच्या, म्हणजे गाळाच्या रानात, मुख्य रस्त्यापासून दोनेक किलोमीटर आत, उसानं शिगोशिग भरलेली ट्रॉली एका अंगावर कलली होती. डिसेंबरची थंडी, धुकं, पाचटाचा धूर. तोडणीची टोळी बीडकडची. बायका ट्रॉलीच्या आडोशाला पोरांना घेऊन बसलेल्या. मुकादम येरझाऱ्या घालत होता. गाडी वेळेत कारखान्याच्या गव्हाणीवर गेली नाही की नंबर मागं पडतो, ऊस वाळतो, वजन घटतं. वजन घटलं की टोळीच्याच मजुरीला कात्री.

तात्यांनी टायर उतरवलं, ट्यूबला ठिगळ लावलं, डिस्क चढवली. या मोठ्या टायरांची रिंग हवा भरताना निसटली तर माणसाचं डोकं घेऊन जाते. तात्या कितीही घाई असो, रिंगेची बाजू जमिनीकडं करतात, वरून साखळीचे दोन वेढे टाकतात आणि स्वतः लांब उभे राहतात. मग मला म्हणाले, "मारा बटण."

क्लच टकदिशी बसला. काटा चढू लागला. वीस, तीस, चाळीस. मुकादम वाकून जीपच्या बॉनेटखाली बघत म्हणाला, "हे तर लईच भारी झालं, मालक." पन्नासच्या पुढं काट्याचा वेग मंदावला. ते चालतंच, दाब वाढला की पंप दमतो. साठला मला वास आला. जळक्या तेलाचा, त्याच्या खाली रबराचा. मी टॉर्च मारली. होज पंपातून निघतो तिथं चमकत होता, ओला झाल्यासारखा, आणि क्लॅम्पच्या पुढं बोटभर फुगलेला.

मी बटणाकडं हात नेईपर्यंत आतून एक आवाज आला. खडे भरलेला डबा हलवल्यासारखा. पाठोपाठ पट्टा किंचाळला, क्लचमधून धूर. मी वायरच ओढून काढली.

इंजिनही बंद केलं. रानात एकदम शांतता. काटा सत्तरावर थांबलेला. भरलेल्या ट्रॉलीला सत्तर पौंडांवर रस्त्यावर काढणं म्हणजे पुन्हा तेच.

"काय झालं, मेस्त्री?"

मी पंपाची पुली हातानं फिरवायला गेलो. हात पोळला आणि पुली मोकळी फिरली. तिच्या पुढची क्लचची प्लेट, जी पंपाच्या शाफ्टला असते, ती मात्र हलेना. पंप जाम.

तात्या एक शब्द बोलले नाहीत. मुलाला फोन केला. तो दीड तासानं दोन माणसं आणि तो जुना पेट्रोलचा कॉम्प्रेसर घेऊन टेंपोतून आला. दोरी सातव्या झटक्याला लागली. मधल्या दीड तासात मुकादम एवढंच म्हणाला, "ऊस वाळायलाय, राव." माझ्याकडं बघून नव्हे, उसाकडं बघून. त्या टोळीतल्या एका बाईनं मला चुलीवरचा चहा आणून दिला. तो गळ्याखाली उतरवणं फार अवघड गेलं.

सकाळी सातला गॅरेज उघडलं. आधी टाकीचा ड्रेन कॉक सोडला. हवेबरोबर नासलेल्या चहासारखं काहीतरी फसफसत बाहेर आलं. मी खाली प्लास्टिकचा मापाचा पेला धरला. दीडशे मिलीच्या थोडं वर. त्यात पाणी होतं, हवेतलं. बाकी सगळं माझं तेल. मी मापून घातलेलं सव्वाशे मिली, पंपातून निघून टाकीत येऊन बसलं होतं.

पंप खोलला. आत कोरडं ठणठणीत. पिस्टनवर लांब ओरखडे, ॲल्युमिनियमची करडी पूड तळाशी.

एसीमध्ये तेल पंपात बसून राहत नाही. ते गॅसबरोबर निघतं, कंडेन्सर फिरतं, कूलिंग कॉइल फिरतं आणि परत पंपाच्या तोंडाशी येतं. गिऱ्हाइकाला हे मी हजारदा सांगितलंय: "गॅस गळला की तेलही जातं, म्हणून पंप जातो." आणि इथं मीच एक अशी लाइन जोडली होती जिचं दुसरं टोक उघडं. तेल निघालं ते परत यायला रस्ताच नव्हता. अंगणातली धूळ उडवून दाखवताना मी दर वेळी पंपाचं रक्त थोडं थोडं टाकीत ओतत होतो. रानात पोचेपर्यंत ते संपत आलं असणार.

दुसरी गोष्ट गरमीची. एसीचा गॅस दाबला तर तापतो, पण त्याची जातच अशी की फार नाही. पंपातून निघताना सत्तर-ऐंशी अंश. हवा तशी नाही. तीस अंशांची हवा एका झटक्यात आठपट दाबली आणि तिची उष्णता कुठंच जाऊ दिली नाही, तर गणितानं पावणेतीनशे अंशांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात बॉडी थोडी उष्णता खाते, तरी रबरी होजचं तिथं काम नाही. सायकलच्या पंपाचं बूड तापतं, तेच हे. लहानपणी हाताला चटका बसलेला असतो आणि तरी आपण विसरतो.

जाता जाता सांगून ठेवतो. एसीची लाइन गळती बघायला हवेनं भरणारे मेस्त्री मी पाहिलेत. एसीतला १३४ए गॅस एरवी पेटत नाही, पण हवेत मिसळून दाबाखाली आला की पेटू शकतो. नायट्रोजनचा सिलिंडर भाड्यानं आणा. आणि थारवाली पोरं चालू एसी काढून त्याची हवा करून मागतात, त्यांना मी मे महिन्यात या म्हणून सांगतो. कोणी येत नाही.

तात्यांचे पैसे परत द्यायला गेलो. त्यांनी नोटा मोजल्या आणि परत माझ्या खिशात कोंबल्या. "दुसरा पंप बघा. पन ह्या बारीला तेल कुठं जातंय त्ये आधी बघा."

उत्तर इचलकरंजीत सापडलं. तिथं एअरजेट माग हवेवर चालतात, त्यामुळं हवेच्या लाइनचं सगळं सामान मिळतं. एक लुब्रिकेटर आणला: काचेच्या भांड्यात तेल, वर थेंब मोजायची खिडकी, थेंब कमी-जास्त करायला खुंटी. तो दुसऱ्या ५०८ च्या तोंडाशी, फिल्टरनंतर बसवला, म्हणजे पंप जेवढं तेल बाहेर टाकेल तेवढं आत येत राहील. पॅग तेल हवेतलं पाणी पितं म्हणून ते बाद. साधं खनिज तेल घातलं. बाहेरच्या बाजूला दोन मीटर तांब्याची नळी वेटोळं करून पंख्यासमोर, तिथून पुढं वेणीचा होज. टाकीच्या आधी तेल-पाणी अडवणारं भांडं. ट्यूबला तेल लागलं तर रबर खराब होतं, म्हणून ते हवंच. शिवाय एक नियम: आठ मिनिटं चालला की पाच मिनिटं विसावा. या नियमावर तात्या कुरकुरले, पण त्यांच्या ठिगळालाही सुकायला वेळ लागतोच.

हा दुसरा हंगाम. पेट्रोलचा कॉम्प्रेसर दुकानात फळीखाली आहे, त्यावर मांजर झोपतं.

गेल्या सोमवारी तात्या जीप घेऊन आले. पंपाचा आवाज थोडा बदललाय म्हणाले. मी बॉनेट उघडलं. लुब्रिकेटरचं काचेचं भांडं काठोकाठ भरलेलं, खिडकीत एक थेंब नाही. खुंटी बोटानं फिरवून बघितली. घट्ट बंद.

"तात्या, ही कोणी बंद केली?"

"मीच की. तेल लई खातंय त्ये."

"कधीपासून?"

"परवापास्नं."

मी प्लग खोलला आणि तार आत घातली. टोकाला तेल लागलं, नखाएवढं.