पाच बाराचं बटण

त्या बाईंची तक्रार मी दोनदा बंद केली होती, हे आधीच सांगून टाकतो. तक्रार एका ओळीची : 'स्कूटरला सिग्नल सुटत नाही.' पहिल्या वेळी मी दुपारी गेलो, आमची व्हॅन लूपवर, म्हणजे गाडी ओळखायला डांबरात पुरलेल्या तारेवर, उभी केली, लूप वाचणाऱ्या कार्डावरचा लाल दिवा लागला, शेरा मारला : 'दोष आढळला नाही.' दुसऱ्या वेळी सेन्सिटिव्हिटी दोन पायऱ्यांनी वाढवली आणि परत शेरा मारला. तिसऱ्या वेळी त्यांनी लिहायचं सोडून फोन केला, आणि तो नेमका मी उचलला.

"दादा, मी तिथे पहाटे पाच दहाला असते. तुम्ही तेव्हा कधी आलात का?"

नव्हतो गेलो. आमची गाडी आठला निघते. पहाटेचा बिघाड म्हणजे आमच्या लेखी ऐकीव बातमी.

सिग्नलच्या कामात मला अठरा वर्षं झाली. लोकांना वाटतं आम्ही दिवे बदलतो. दिवे वर्षानुवर्षं जळत राहतात, त्यांची कटकट नाही. खरी डोकेदुखी कोपऱ्यावरच्या करड्या कॅबिनेटमध्ये असते, आणि त्याहून मोठी डांबराखाली. हा चौक रहदारीप्रमाणे चालणारा. मुख्य रस्ता हिरव्यावरच बसलेला असतो. आडरस्त्यावर कुणी आलंय हे कंट्रोलरला, म्हणजे कॅबिनेटमधल्या दिवे चालवणाऱ्या यंत्राला, कळलं तरच तो हिरवा तुटतो. त्या कळण्याला आम्ही 'कॉल पडणं' म्हणतो. कॉल नाही पडला तर आडरस्त्यावरच्या माणसाने लाल दिव्याकडे बघत उजाडेपर्यंत उभं राहावं.

मी पावणेपाचला पोचलो. कॅबिनेट उघडलं, आणि सवयीने लॉग चाळला. कंट्रोलर प्रत्येक घडामोड सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत टिपून ठेवतो. वाचायला कुणाला वेळ नसतो ही वेगळी गोष्ट. पादचाऱ्यांचं बटण : पहाटे ५:१२. आदल्या दिवशी ५:०९. त्याआधी ५:१३. मध्ये एक दिवस कोरा, मग परत सहा दिवस ओळीने. ही नोंद मी मागच्या खेपेलाही पाहिली होती. पहाटे फिरायला जाणारं कुणीतरी असेल, असं समजून पान खाली सरकवलं होतं.

पाच दहाला स्कूटर आली. बाईंनी पुढचं चाक पांढऱ्या रेघेला बरोब्बर टेकवलं. मी कॅबिनेटपाशी, डोळे कार्डावर. दिवा नाही. एक मिनिट गेलं. मुख्य रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि तिकडे हिरवा. मग त्या उतरल्या, स्कूटर स्टँडला लावली, हेल्मेटसकट खांबापर्यंत चालत गेल्या, बटण दाबलं, आणि धावत परत येऊन स्कूटरवर बसल्या. मुख्य रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला वाट मिळते तेव्हा आडरस्त्यालाही हिरवा मिळतो. काही सेकंदांत सिग्नल सुटला.

ते ५:१२ होते.

त्या गेल्या नाहीत. मी हात केला म्हणून स्कूटर कडेला घेतली.

"रोज असंच करता?"

"आधी पाऊस नसेल तेव्हाच. पावसात दोन्हीकडे बघायचे आणि जायचे." थोडं थांबून म्हणाल्या, "एकदा ट्रक आला होता. तेव्हापासून पावसातही उतरते." त्या नर्स आहेत. पाळी सहाची, तुम्हाला वीस मिनिटं देते म्हणाल्या.

अमेरिकेत काही राज्यांनी यावर कायदाच केलाय. व्हर्जिनियात 2011 पासून दुचाकीवाला दोन मिनिटं किंवा सिग्नलच्या दोन फेऱ्या, जे आधी होईल ते, थांबून मग बाकीच्यांना वाट देत लाल ओलांडू शकतो. चालकांना हा न्याय वाटतो. मला तो आमच्या नावाने काढलेला नाकर्तेपणाचा दाखला वाटतो.

लूपबद्दल लोकांचे समज ऐकण्यासारखे असतात. 'माझी स्कूटर हलकी आहे म्हणून' हा पहिला. तो अगदीच हवेतला नाही; फार पूर्वी रस्त्यात दाबपट्ट्या बसवत. पण लूपला वजनाशी देणंघेणं नाही. हॉर्न वाजवणारेही आहेत, आणि त्यांना हसण्याआधी हे माहीत असावं की 1928 साली बाल्टिमोरमध्ये चार्ल्स अ‍ॅडलर यांनी बसवलेला सिग्नल खरोखर हॉर्न ऐकूनच बदलायचा. शंभर वर्षं उशिरा का होईना, कल्पना बरोबर होती. स्कूटरच्या पोटाला लोहचुंबक चिकटवणारे मात्र पैसे वाया घालवतात.

लूप म्हणजे डांबरात खाच पाडून चौकोनात फिरवलेली तार, तीन-चार फेऱ्यांची, वरून सीलंट. तिच्यातून कार्ड उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडतं; या लूपचा सेकंदाला पन्नास हजारांच्या आसपास आवर्तनांचा आहे. वर धातू आला की धातूत भोवरे-प्रवाह तयार होतात, लूपचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला तारेचा होणारा विरोध) घटतं, आवर्तनं वाढतात, आणि वाढ ठरलेल्या उंबरठ्यापलीकडे गेली की कॉल पडतो. लोखंड हवं असं नाही, अ‍ॅल्युमिनियमही तितकंच चालतं. प्रश्न किती धातू, किती खाली आणि कोणत्या दिशेने याचा. तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मनगटातल्या बांगड्यांसारखं असतं. दुचाकी नेमकी तारेवर, तारेच्या दिशेने उभी राहिली तर सगळ्या बांगड्या तिच्या चाकांतून आणि इंजिनातून आरपार जातात. चौकोनाच्या मधोमध उभी राहिली तर क्षेत्र खालून सरळ वर येतं आणि दुचाकीच्या अरुंद अंगाला फारसं लागतच नाही. 'लेनच्या मधोमध थांबा' हा सगळ्यांचा लाडका सल्ला चौकोनी लूपवर सगळ्यात वाईट.

हे मला माहीत होतं. तरी मी दोन्ही वेळा व्हॅननेच तपासलं, कारण व्हॅन हाताशी होती.

आधी कार्ड पाहिलं. मी वाढवलेली सेन्सिटिव्हिटी कुणीतरी परत खाली आणून ठेवली होती. कॅबिनेटच्या वहीत त्याचा एक शब्द नाही. कोणी केलं ते मला माहीत आहे. कामाला वाघ, पण पेन म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो. आणि त्याचं चुकलंही नव्हतं. माझ्या आकड्यावर शेजारच्या लेनमधले ट्रक आडरस्त्याचा कॉल पाडत होते आणि मुख्य रस्ता उगाच थांबत होता.

मग लूप शोधायचा होता. दीड वर्षापूर्वी रस्त्यावर नवीन डांबराचा थर आला. त्याने लूपची धातू पकडायची ताकद फारशी कमी झाली नव्हती, पण खाचा झाकल्या गेल्या. व्हॅनमध्ये एक टाकाऊ अलॉय रिम असते, ती काढली. आता कार्डावरचा आकडा कोण वाचणार? बाईंना म्हटलं, इथे उभ्या राहा, हा छोटा पडदा, बदल टक्क्यांत दिसतो, मोठ्याने वाचा. त्यांनी पर्स काखेला मारली आणि वाचायला लागल्या. वॉर्डात तासन्‌तास मॉनिटर वाचणाऱ्या बाई त्या, आवाजात घाई नाही.

मी रिम उभी धरून डांबरावरून बोट-बोट सरकवत होतो.

"शून्य. शून्य. शून्य... दोन आला. शून्य दशांश शून्य दोन. चार. सहा. परत चार."

"थांबा. सहाला परत जातो."

"सहा."

खडूची खूण केली. पंधरा मिनिटांत चारही कडा डांबरावर उमटल्या. मग मी उठून मागे बघितलं, आणि सगळं एका नजरेत कळलं. लूपची पुढची कड पांढऱ्या रेघेच्या एक मीटर सत्तर सेंटीमीटर मागे होती. लूप कुठे चालत गेला नव्हता. डांबराच्या थरानंतर रेघ नव्याने मारताना ती पुढे आली होती. रंगवाल्यांच्या नकाशात लूप नसतो, आमच्या नकाशात त्यांची रेघ नसते, आणि दोन्ही खाती एकाच मजल्यावर बसतात.

कार रेघेवर थांबली तरी तिचं मागचं अंग लूपवर असतं. स्कूटरचं मागचं चाक कडेच्या अलीकडेच संपतं. आणि दिवसा हे कुणाच्या लक्षात का आलं नाही? दिवसा स्कूटरच्या मागे कुणीतरी येऊन थांबतंच. त्याची गाडी कॉल पाडते, सिग्नल सुटतो, स्कूटरवाल्याला वाटतं आपण सोडवला. पहाटे पाच दहाला मागे कुणी नसतं.

त्यांची स्कूटर रेघेवर उभी केली : 0.01. लूपच्या मधोमध : 0.03. लांबीच्या बाजूच्या तारेवर : 0.11. कार्डाचा उंबरठा होता 0.16. मी मागे सेन्सिटिव्हिटी वाढवून तो 0.04 वर आणला होता, म्हणजे मधोमधसुद्धा ती सापडली नसती. शेजारच्या लेनमधून एक ट्रक गेला तेव्हा पडद्यावर 0.05 आलं. मधली पायरी 0.08. ट्रक बाहेर, स्कूटर आत, अट एकच : ती तारेवर उभी हवी. पायरी बदलली. केबल ओळखायला वापरतो तो पिवळा स्प्रे काढला आणि तारेवर वीतभर पट्टा मारला. असे पट्टे मारायचा मला अधिकार नाही. बाईंनी स्कूटर पट्ट्यावर आणली, दिवा लागला, मुख्य रस्त्याचा पिवळा झाला.

"म्हणजे मी आजवर चुकीच्या जागी थांबत होते?"

"नाही. तुम्ही रेघेवर थांबत होतात."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि निघाल्या. सहाला बारा मिनिटं होती.

पट्टा त्यांच्यापुरता. दुसऱ्या स्कूटरवाल्याला तो रंग सांडल्यासारखा दिसणार. अमेरिकेत लूपच्या नेमक्या जागी सायकलस्वाराचं चिन्ह रंगवायची रीत आहे. आपण इथे थांबायचं हे निदान दिसतं. मी चिन्ह मागितलं, रेघ मागे घ्या म्हणून लिहिलं, आणि पक्का उपाय म्हणून आठच्या आकड्यासारखा लूप मागितला. त्यात मधल्या खाचेत दोन्ही चौकोनांच्या तारा एकाच दिशेने वाहतात, म्हणून तिथे क्षेत्र दुप्पट होतं आणि बाहेरच्या कडांना एकमेकांना मारतं. दुचाकी सापडते, शेजारचा ट्रक सापडत नाही. अर्ज केल्याला हा चौथा महिना. 'कॅमेरा लावून टाका' असं एका साहेबांनी सुचवलं. त्यांनी ओल्या रस्त्यावर एका हेडलाइटचं लांबच लांब प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या चौकटीत बघितलेलं नाही, आणि भिंगावर जाळं विणणारा कोळीही नाही.

तोवर साडेचार ते साडेसहा आडरस्त्यावर रिकॉल टाकून ठेवलाय. कुणी असो-नसो, दर फेरीत त्याला सात सेकंद हिरवा. यावर लेखी विचारणा आली की रिकाम्या रस्त्यासाठी मुख्य रस्ता का थांबवला जातो. मी लॉगचं पान जोडून पाठवलं. पान बहुतेक वाचलं गेलं नाही, पण विचारणाही परत आली नाही.

त्या चौकात ५:१२ चं बटण आता दिसत नाही. मी मात्र सगळ्या चौकांचे लॉग काढून बसलो : रात्री-पहाटे, रोज ठरल्या वेळी दाबलेलं पादचारी बटण, आणि लूपवर कुणीच नाही. नऊ चौक निघाले. पहाटे उठून दोन बघून झाले. एकात मोटरसायकलवर पेपर टाकणारा मुलगा होता, बटण दाबून धावत परत येणारा. दुसऱ्यात एक आजोबा कुत्र्याला घेऊन फिरायला निघाले होते, खरेखुरे पादचारी. मी कॅबिनेटआडून बाहेर आलो तसे दचकले, आणि मग काळजीने विचारलं, "का हो, बटण दाबायचं नसतं का?"