चवलीचं भाषण

आमच्या पतसंस्थेसाठी दारोदार जाऊन रोजची ठेव गोळा करणाऱ्या पिग्मी प्रतिनिधींचा मेळावा दरवर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी भरतो. दीपप्रज्वलन, अहवाल, शाल-नारळ हे दरसालचंच. मी वाट बघतो ती काकांच्या भाषणाची. काका सिंडिकेट बँकेतून निवृत्त झालेले, आणि त्यांचा विषय ठरलेला: त्याच बँकेचे एके काळचे प्रमुख टी. ए. पै.

काका आधी खिशातून एक चवली, म्हणजे दोन आण्यांचं जुनं नाणं, काढतात. चौकोनी, गोल कोपऱ्यांची, झिजून गुळगुळीत झालेली. ती पहिल्या रांगेत देतात आणि हातोहात मागे जाऊ देतात. मग सांगू लागतात. किनाऱ्यावरचे हातमाग विणकर अडचणीत आले, तेव्हा १९२५ साली उडुपीत तिघांनी आठ हजारांच्या भांडवलावर बँक काढली, तीच पुढची सिंडिकेट बँक. १९२८ पासून बँकेची माणसं रोज दारोदार जाऊन दोन-दोन आणे गोळा करू लागली. तीच पिग्मी. आज आपण गल्लोगल्ली जी गोळा करतो ती.

त्या तिघांपैकी डॉ. टी. एम. ए. पै यांचे पुतणे म्हणजे टी. ए. पै. जन्म १९२२ चा, कल्याणपूरचा. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकले आणि परत जाऊन याच बँकेत लागले. पुढे बँकेचे प्रमुख झाले. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळाचे पहिले अध्यक्ष, नंतर आयुर्विमा महामंडळ, १९७२ मध्ये राज्यसभा आणि रेल्वेखातं, १९७७ मध्ये उडुपीतून लोकसभा. १९८१ साली गेले. साठीही गाठली नाही.

इथे काकांचा आवाज दरवर्षी बसतो. "देशाची रेल्वे ज्याच्या हाती दिली, तो दोन आण्यांची पावती फाडणाऱ्या बँकेतून आला होता," असं म्हणून ते पाणी मागतात. तेवढ्यात चवली माझ्यापर्यंत आलेली असते. मला बाजारातल्या भाजीवाल्या आजी आठवतात. एकोणीस वर्षं रोज दहा रुपये, पावसातही. नोट पदराच्या गाठीतून निघायची, ओलसर. त्या पैशांतून नातीची नर्सिंगची पहिली फी भरली. पासबुक घेऊन त्या दोघी आल्या, तो दिवस मी विसरणार नाही.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. गेल्या वर्षी सेहेचाळीस जणांपैकी भाषणाला सतराच उरले. बाकीचे नाश्ता करून गेले, संचालक मंडळ फोटो काढून गेलं. नव्या मुलांनी तरी थांबायला हवं होतं.

सतरंज्या आणि खुर्च्या शेजारच्या तालीम मंडळाने दिल्या, माईक मंडपवाल्या दादांनी पैसे न घेता लावला. रांगोळी कॅशियर ताईंची, उपमा बचत गटाचा, हार फुलवाल्या मावशींचे. शिपाई मामा पहाटे पाचपासून सभागृहात होते. जनरेटर ज्यांनी आणला त्यांचं नाव आभारात राहून गेलं, मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगून आलो. आणि चवली जपून परत काकांच्या हातात देणारी ती सातवीतली मुलगी, शिपाई मामांचीच.