तुम्ही विचारलंत म्हणून: भजनाला आणि पिक्चरला एकच बफर?

सबवूफर म्हणजे फक्त खालचे, जाड सूर काढणारा, लाकडी पेटीत बसवलेला स्पीकर. आमच्या गावात त्याला कुणी सबवूफर म्हणत नाही. बफर म्हणतात. यवतमाळहून येणारा पाहुणा असो की शेजारचा पोरगा, त्याच्या पेटीवर हात ठेवून विचारतो, "काहो भाऊ, भजनाले अन् पिक्चरले एकच बफर चालते का?"

चालतो. पण माझा तो तिसऱ्यांदा चालला.

पहिली पेटी चहूबाजूंनी बंद, बिनभोकाची होती. स्पीकर बारा इंची, आणि त्याच्या कागदावर आकडे होते: एफएस (स्पीकर स्वतः ज्या सुराला घुमतो तो) २५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २५ कंपनं; क्यूटीएस (ते घुमणं किती आवरतं) ०.४; व्हीएएस (स्पीकरच्या पडद्याइतकी लवचीक हवा किती) ९० लिटर. ऑस्ट्रेलियात काम केलेल्या थील आणि स्मॉल या दोघा इंजिनिअरांच्या नावाने हे आकडे ओळखले जातात. ते नसतील तर प्लायला करवत लावू नका, मग दुकानदार कितीही वॅट सांगो. हिशेबाने ४४ लिटरची पेटी आली. अठरा एमएमचा प्लाय, सांध्यांत फेव्हिकॉल आणि लाकडाचा भुसा कालवून भरला. सुतारकाकांना वाटलं धान्याची कोठी करतोय, म्हणून त्यांनी आधी झाकणाला बिजागरीच लावली होती.

मृदंग काय वाजला म्हणून सांगू! धुमेवर, म्हणजे मृदंगाच्या कणीक लावलेल्या जाड आवाजाच्या बाजूवर, थाप पडली की पडली, संपली की संपली. कणीक ओली आहे की वाळली तेही कळावं. पण पिक्चर लावला आणि स्फोटाच्या जागी नुसतं खाकरल्यासारखं झालं. साहजिकच होतं. ही पेटी ४४ हर्ट्झला ३ डेसिबल खाली येते आणि तिथून दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरते, म्हणजे २२ हर्ट्झला फार थोडंच उरतं. गाण्यातल्या चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, त्यामुळे तिथे फारसं अडत नाही. पिक्चरवाले मात्र २० हर्ट्झपर्यंत जातात, आणि त्यांच्या एलएफई चॅनेलला (खालच्या दणक्यांसाठी राखलेल्या वेगळ्या वाटेला) बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल जास्त मोकळीक असते.

म्हणून दुसरी पेटी, ८५ लिटरची, भोकाची. भोकाला शेतातला चार इंची पीव्हीसी पाइप. उरलेला तुकडा २० सेंटीमीटरचा होता, तोच ठोकला. हा आळस महागात पडला. त्या लांबीला पेटी ३२ हर्ट्झला घुमते. पिक्चर दणक्यात, पण गाण्यात ठोका संपल्यावरही पेटी आपली हुंकार देत बसायची. आई म्हणाली, "मृदंग वाजून राहिला का जातं?"

तिसऱ्या वेळी पेटी तीच ठेवली, पाइप ३७ सेंटीमीटरचा केला. घुमणं २५ हर्ट्झवर उतरलं, म्हणजे बहुतेक गाण्यांच्या खाली. आणि पाइपचं तोंड दोन इंच बाहेर काढलं. भजनाच्या दिवशी त्यावर एंड कॅप, म्हणजे पाइपचं झाकण, दाबून बसवतो. सोल्यूशन लावायचं नाही, पुन्हा काढायची आहे. कॅप लावली की तीच पेटी ८५ लिटरची बंद पेटी होते, क्यू (पेटीसकट घुमण्याचा आकडा, कमी तितकं लवकर आवरतं) ०.५७ येतो, आणि थाप पहिल्या पेटीहूनही नेटकी. कॅपचा दुसरा फायदा असा की उंदीर आत जात नाही. आतल्या अस्तरासाठी आधी घरचाच कापूस वापरला होता. पावसाळ्यात तो खाली बसला आणि उंदराने त्यात संसार थाटला. आता पॉलिस्टर आहे.

भोकाच्या पेटीत एक धोका असतो. घुमण्याच्या आकड्याखाली आतली हवा स्पीकरच्या कोनला, म्हणजे हलत्या पडद्याला, धरून ठेवत नाही. हेलिकॉप्टरच्या एका सीनमध्ये कोनमागची तारेची कॉइल आतून ठणाठणा आपटली. तेव्हापासून अॅम्प्लिफायरचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अगदी खालचे सूर अडवणारी चाळणी, कायम चालू असतो.

पण खरं सांगायचं तर निम्मं काम खोली करते. आमची बैठक १४ फूट लांब, त्यामुळे ४० हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतींमध्ये सापडून फुगतो. पेटी कोपऱ्यात ठेवली तर आणखीच. उपाय उलटा आहे: जिथे बसून ऐकायचं त्या बाजेवर पेटी ठेवायची, गाणं लावायचं, आणि आपण भिंतीच्या कडेने रांगायचं. जिथे खालचा सूर सारखा लागेल तिथे पेटी. हे करताना दार लावून घ्या. मी नव्हतं लावलं.

क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज बफरकडे जातो तो आकडा) ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे आवाज नेमका कुठून येतो हे कानाला कळत नाही आणि पेटी टीव्हीपासून लांब असली तरी चालते. भजनासाठी बफरचा आवाज पिक्चरपेक्षा दोन-तीन डेसिबल कमीच बरा.

मागच्या पडवीवरच्या टिनाचं मात्र अजून जमलेलं नाही. ३० हर्ट्झला ते गाऊ लागतं. पिक्चरच्या रात्री शिडी लावून त्यावर चार विटा ठेवून येतो.