साखळी लांबली की नेमकं काय मंदावतं?

साखळी दुप्पट लांब केली तर हालचाल किती मंदावेल? पॉलिमरच्या बाबतीत या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण हालचाली दोन आहेत. काही मोजकी एककं जागच्या जागी वळतात, ती सेगमेंटची हालचाल. तिला लांबीचं फारसं सोयरसुतक नसतं. अख्खी साखळी आपली मूळ दिशा विसरते ती दुसरी, आणि ती मात्र पूर्णपणे लांबीवर अवलंबून असते.

ही दुसरी हालचाल डायइलेक्ट्रिक स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे बदलत्या विद्युतक्षेत्राची ऊर्जा पदार्थ कोणत्या वारंवारतेला किती शोषतो त्या आलेखात, सरसकट दिसत नाही. पीव्हीसी किंवा पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटमध्ये द्विध्रुव (एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण भार असलेल्या जोड्या) साखळीला आडवे असतात, त्यामुळे साखळीच्या दिशेने बेरीज उरतच नाही. सिस-पॉलिआयसोप्रीनमध्ये, म्हणजे नैसर्गिक रबराच्या साखळीत, प्रत्येक एककाच्या द्विध्रुवाचा एक भाग साखळीलगत असतो आणि सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला. बेरीज थेट या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या अंतराच्या प्रमाणात. स्टॉकमायर यांच्या वर्गवारीत हे 'ए' प्रकारचे पॉलिमर, आणि त्यांतलं हे कमी वारंवारतेचं शिखर म्हणजे नॉर्मल मोड. पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉलही याच प्रकारातलं. ते पॉलियुरेथेन फोमसाठी सर्रास वापरतात, त्यामुळे मिळायलाही सोपं. पण त्याच्या टोकांचे हायड्रॉक्सिल गट एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात आणि ओलावाही ओढतात. लांबीचा परिणाम निखळ बघायचा असेल तर पॉलिआयसोप्रीनच घ्यावं.

त्यात रेणुभार साधारण १०,००० च्या खाली असेल तर नॉर्मल मोडचा काळ, म्हणजे साखळीला दिशा विसरायला लागणारा वेळ, रेणुभाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: लांबी दुप्पट, काळ चौपट. त्यापुढे साखळ्यांचा गुंता होतो आणि घात ३.४ वर जातो. २०,००० वरून ४०,००० वर गेलात तर काळ दहापटीहून थोडा जास्त. २,००,००० वर गेलात तर सुमारे २,५०० पट. गुंत्यातली साखळी सापासारखी स्वतःच्या लांबीच्या दिशेने सरकते, या द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या सरपटण्याच्या कल्पनेतून घात ३ येतो. वरचा ०.४ येतो तो मुख्यतः साखळीची टोकं आत-बाहेर होत राहतात आणि शेजारच्या साखळ्याही जागा सोडतात म्हणून.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. आखूड साखळ्यांत टोकं जास्त असतात, टोकांपाशी मोकळी जागा जास्त, म्हणून काचसंक्रमण तापमान (ज्याच्या खाली पॉलिमर काचेसारखा कडक होतो ते) खाली येतं. पॉलिस्टायरीनमध्ये हा फरक ठळक आहे: लांब साखळीला सुमारे १०० अंश सेल्सिअस, तर १०,००० रेणुभाराला त्याहून जवळपास १० अंश कमी. या तापमानाजवळ ३ अंशांमागे काळ दहापट बदलतो. म्हणजे सगळे नमुने एकाच तापमानाला मोजून नुसता नॉर्मल मोडचा काळ रेणुभारासमोर मांडला, की आखूड साखळ्यांचा घात २ पेक्षा बराच जास्त दिसतो आणि गुंता नसतानाही असल्यासारखा वाटतो. उपाय सोपा आहे. त्याच तापमानाचा सेगमेंटचा काळ काढा, नॉर्मल मोडच्या काळाला त्याने भागा आणि ते गुणोत्तर मांडा. घर्षणाचा वाटा दोन्हींत सारखाच असल्याने तो कटतो. काचसंक्रमणाच्या अगदी जवळ मात्र हे करू नका. तिथे दोन्ही काळ एकाच चालीने वाढत नाहीत.

नमुने २,०००, ४,०००, ८,०००, २०,०००, ४०,००० आणि ८०,००० असे घ्यावेत, म्हणजे वळणाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बिंदू मिळतात. शेवटच्या नमुन्यात दोन्ही शिखरं ०.०१ हर्ट्झ ते १० लाख हर्ट्झच्या खिडकीत जेमतेम मावतात. तिथे सेगमेंटचा काळ कमी तापमानांना मोजून, काळ तापमानानुसार कसा बदलतो हे सांगणाऱ्या फोगेल-फुल्खर समीकरणाने वरच्या तापमानापर्यंत न्यावा लागतो.

नमुना ज्यात ठेवून मोजतात तो सेल भरताना २० मिलिमीटर व्यासाच्या दोन चकत्या आणि मध्ये ०.१ मिलिमीटरचे सिलिका तंतू. रिकाम्या सेलची धारिता सुमारे २८ पिकोफॅरड यायला हवी. भरण्याआधी हे मोजून घ्याच, कारण पॉलिआयसोप्रीनचा सिग्नल क्षीण असतो: दोन्ही शिखरांची उंची ठरवणारी डायइलेक्ट्रिक ताकद ०.१ च्या आसपास. एक बुडबुडा राहिला तरी ती आकडेवारी बिघडते. साखळी लांबली म्हणून नॉर्मल मोडची ताकद घटत नाही, शिखर फक्त डावीकडे सरकतं. ताकद घटलेली दिसली तर आधी सेल तपासा.

मुंबईत जून ते सप्टेंबर हा या मोजमापांचा खरा शत्रू. माटुंगा असो की पवई, डेसिकेटरमधून काढलेला नमुना टेबलावर उघडा ठेवला की तो ओलावा घेतो. ओलावा आणि उत्प्रेरकाचे उरलेले आयन मिळून वाहकता वाढवतात, आणि कमी वारंवारतेला ती नॉर्मल मोडवर पांघरूण घालते. शोषण आणि वारंवारतेच्या लॉग-लॉग आलेखावर उतार नेमका उणे एक असेल तर ती वाहकता. ती वजा करून शिखर उरतं का बघा, किंवा ओहमिक वाहकतेचा परिणाम न होणाऱ्या, प्रतिसादाच्या वास्तव (ऊर्जा न शोषणाऱ्या) भागाचं अवकलन काढा. तरीही शंका असेल तर ०.०५ मिलिमीटर जाडीने पुन्हा मोजा: शिखर जाडीबरोबर सरकलं तर ते इलेक्ट्रोडवर साचलेल्या आयनांचं. सुकवताना व्हॅक्यूम ओव्हन वापरा, पण तापमान बेताचं ठेवा आणि थोडं बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) असू द्या. या साखळीत दुहेरी बंध आहेत. ऑक्सिडेशन झालं की साखळ्या तुटतात किंवा जोडल्या जातात, आणि जी लांबी मोजायला निघालो तीच बदलते.

शिखराचा आकारही बघा. रेणुभाराचा पसारा अरुंद असेल, म्हणजे वजनी आणि संख्यात्मक सरासरी रेणुभारांचं गुणोत्तर १.१ च्या आत, तर डाव्या बाजूचा उतार एक येतो. तो ०.७ किंवा ०.८ आला तर नमुन्यात लांब साखळ्यांची शेपटी आहे. अशा वेळी सरासरी रेणुभार लिहून मोकळं होऊ नये; घात ३.४ असल्याने तेवढी शेपटीही काळ चांगलाच ताणते.