चार वाट्यांतलं दूध

आज दिवसभर स्वच्छ दूध उत्पादनाच्या प्रशिक्षणाला होते. पाय दुखतायत, पण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

कासदाह, म्हणजे कासेचा आजार, ओळखायचं चार वाट्यांचं पसरट पात्र आज पहिल्यांदा हातात घेतलं. गायीच्या प्रत्येक सडाचं (आचळाचं) थोडं दूध वेगळ्या वाटीत, तेवढंच चाचणीचं जांभळं द्रावण, आणि हलक्या हाताने गोल फिरवायचं. तीन वाट्यांत दूध पाण्यासारखं सळसळत राहिलं. चौथीत दहा सेकंदांत घट्ट, चिकट गोळा, म्हणजे त्या सडात आजार! गाय खात होती, कासेला सूज नव्हती, दूधही दिसायला चांगलं. सुप्त, म्हणजे बाहेरून न दिसणारा, कासदाह असा लपून बसतो. माझ्या गोठ्यात असं किती महिने चाललं असेल, या विचाराने पोटात कालवलं.

दुसरी गोष्ट, धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं राहतं, तेवढ्यात जनावर खाली बसलं तर जंतू आत शिरतात. म्हणून सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि लगेच वैरण टाकायची, म्हणजे जनावर उभं राहतं. मी मात्र वैरण आधीच टाकून मोकळी व्हायचे. उद्यापासून बदल.

पशुपालकांसाठीच्या एका पुरस्काराचा अर्जही घेऊन आले. त्यात गायीच्या वेताच्या (विण्याच्या), रेतनाच्या (गाभण राहण्यासाठी वीर्य भरण्याच्या), औषधांच्या तारखा मागितल्यात. माझ्या निम्म्या तारखा अजून डोक्यातच आहेत, त्यामुळे यंदा नुसती वही भरते, अर्ज पुढच्या वर्षी.

१ जूनला जागतिक दूध दिन. त्या दिवशी आसपासच्या गोठ्यांतल्या बायकांना बोलावून हीच चाचणी करून दाखवणार आहे. कोण कोण येताय?