दुखत नाहीये, आंबलंय

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ऑफिसहून घरी येताना मेट्रोत मला पहिल्यांदा तसं झालं. बिशान ते आंग मो किओ, सिंगापूरच्या लाल लाइनवरची लागोपाठची दोन स्टेशनं, मध्ये जेमतेम तीन-चार मिनिटं. तेवढ्यात छातीत धडधड सुरू झाली, हातांना मुंग्या आल्या, घसा आवळला आणि आपण आता मरणार याची खात्रीच पटली. फलाटावर उतरून मी खाली बसले. नवऱ्याने तसंच रुग्णालयात नेलं. ईसीजी नीट, रक्त नीट, पुढच्या आठवड्यात थायरॉइडही नीट. डॉक्टर म्हणाले, हा पॅनिक अटॅक आहे.

मानसोपचारतज्ज्ञांनी चिंताविकाराचं निदान केलं. एसिटालोप्रामची छोटी गोळी सुरू झाली, पंधरा दिवसांतून एकदा समुपदेशन. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण ते आठवडे फार जड गेले. त्या पहिल्या झटक्यापेक्षाही वाईट गोष्ट नंतर झाली: शरीरात काहीही हललं की मी दचकायला लागले. पापणी फडफडली, पोटात गुरगुरलं, जिना चढून धाप लागली, की लगेच मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजायचे. रात्री तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत मी स्वतःच्या छातीचा कानोसा घेत पडून राहायची.

शेजारच्या आंटींनी हे पाहिलं. त्यांनी लाल खजुरासारख्या फळांचा काढा आणून दिला आणि म्हणाल्या, माझ्या सिन्सेकडे चल, ॲक्युपंक्चर, म्हणजे बारीक सुया टोचण्याचा उपचार, करून घे. इथली जुनी माणसं चिनी वैद्याला सिन्से म्हणतात. मी आधी माझ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "जा. पण गोळी बंद करायची नाही, त्यांनी दिलेली कुठलीही जडीबुटी मला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही, आणि त्यांची नोंदणी बघून घ्या." सिंगापूरमध्ये चिनी वैद्यकासाठी २००० सालचा वेगळा कायदा आहे. नोंदणी नसेल तर सुया टोचता येत नाहीत, आणि नोंदणीकृत लोकांची यादी कोणालाही बघता येते. ती पाहिली, नाव सापडलं, मगच वेळ घेतली. हे कोणी टाळू नये. सुई बारीक असली तरी अडाणी हाताने छातीवर खोल गेली तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर ते आधीच सांगायला हवं.

दवाखाना म्हणजे सरकारी इमारतीच्या तळमजल्यावरचा एक गाळा. आत शिरताच धुराचा कडवट, ओळखीचा वास आला. आपल्या दवण्याच्या जातकुळीतली एक वनस्पती वाळवून, तिची विडी करून, पेटवून ते त्वचेजवळ धरतात. चिनी भाषेत या उपचाराचं नावच 'चन-च्यू' आहे, म्हणजे सुई आणि शेक. आपण त्यातली फक्त सुई लक्षात ठेवली.

सिन्से साठीच्या आसपासच्या बाई, चीनमधल्या शिज्याच्वांगला शिकलेल्या. इंग्रजी बेताचं. त्यांची तरुण मदतनीस दुभाष्याचं काम करायची. पहिल्या दिवशी जवळजवळ पाऊण तास फक्त प्रश्न. थंडी जास्त वाजते की उकडतं? तहान लागते ती गार पाण्याची की कोमट? जाग किती वाजता येते, स्वप्नं पडतात का, पाळी कशी असते, जेवल्यावर सुस्ती येते का? मग जीभ बघितली. कडांवर दातांचे ठसे होते, ते आरशात मलाही दाखवले. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून डोळे मिटून त्या बसल्या. सोलापुरात माझ्या आजोबांचे वैद्य अशीच तीन बोटं ठेवायचे. तिथे त्या बोटांखाली वात, पित्त, कफ. इथे तीन बोटांच्या तीन जागा आणि प्रत्येक जागेखाली वेगळा अवयव. त्या दीड मिनिटात मी कितीतरी दिवसांनी स्वतःचे ठोके मोजत नव्हते, कारण ते काम दुसरं कोणीतरी करत होतं.

निदान असं: हृदय आणि प्लीहा दोन्ही दुबळी झाली आहेत. यातली प्लीहा म्हणजे सोनोग्राफीत दिसते ती नव्हे. चिनी वैद्यकात ते पचनाचं आणि विचारांचंही ठिकाण आहे. तिथे राग यकृताचा, शोक फुफ्फुसांचा, भीती मूत्रपिंडांची, आणि फार विचार केला की प्लीहेला मार बसतो. 'हृदय' आणि 'मन' यांना तिथे एकच शब्द आहे, शिन. मदतनीस मुलीने विचार या अर्थाचं चिनी अक्षर कागदावर काढून दाखवलं. वर शेतासारखं चौकोनी चिन्ह, खाली हृदय. शरीरशास्त्र म्हणून मी हे मान्य करत नाही. पण 'तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत' हे ऐकून मला जे एकटेपण आलं होतं, ते त्या दिवशी थोडं ओसरलं. पोट, झोप आणि भीती यांचा एकमेकांशी संबंध आहे असं कोणीतरी गृहीत धरून बोलत होतं.

आता सुया. रक्त काढायच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक, केसासारख्या, एकदा वापरून टाकायच्या. कुठे टोचायची ते माझ्याच बोटांच्या मापाने ठरलं, आपल्याकडे अंगुळं मोजतात तसंच. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन स्नायुरज्जूंच्या मध्ये एक. त्या जागेचं नाव नैग्वान, आतलं नाकं. करंगळीच्या बाजूला मनगटाच्या घडीवर एक, शनमन, म्हणजे चैतन्याचं दार. भुवयांच्या मध्ये एक, टाळूवर एक, पायांवर दोन-दोन.

टोचताना डासासारखं काहीतरी झालं. मग सिन्सेंनी सुई दोन बोटांत धरून हलकेच फिरवली आणि विचारलं, "काय होतंय?" मी इंग्रजीत म्हटलं, दुखतंय. त्यांनी मान हलवली. नीट सांगा. त्यांच्याकडे या एका क्षणासाठी चार शब्द आहेत: स्वान, मा, चांग, च्वोंग. मा म्हणजे बधिर, मुंग्या. चांग म्हणजे आतून फुगल्यासारखं, भरून आल्यासारखं. च्वोंग म्हणजे जड. यातलं काहीतरी जाणवलं की 'ची', म्हणजे शरीरात फिरणारी प्राणशक्ती, आली म्हणायचं, सुई लागू पडली म्हणायचं. आणि स्वान? मुलगी अडखळली, मग म्हणाली, "आंबट. लिंबासारखं. पण हातात."

मी पडल्या पडल्या मराठीत म्हणाले, "आंबलंय!"

दिवसभर पायपीट झाली की आपण म्हणतोच ना, पाय आंबले, अंग आंबून गेलं. इंग्रजीत हे मला कधीच सांगता आलं नव्हतं. माझ्या इंग्रजीत सगळं एकच, पेन. आणि पेन म्हटलं की माझं डोकं थेट हृदयविकारापर्यंत धावायचं. हजारो मैलांवरच्या भाषेत थकलेल्या स्नायूला आपल्यासारखंच आंबट म्हणतात हे कळल्यावर मला रडू आलं. सिन्सेंना वाटलं सुई जास्त लागली.

पंचवीस मिनिटं हलायचं नाही. हालचाल केली की सुई ओढ देते, म्हणून पळता येत नाही. त्या पहिल्या पंचवीस मिनिटांत मला झटका येऊ घातला होता. धडधड वाढली, घाम फुटला. मी घंटा वाजवली. सिन्से आल्या, माझ्या पोटावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या, एवढंच. सहा-सात मिनिटांत ते ओसरलं. समुपदेशक मला कधीचं सांगत होत्या की लाट येते, चढते आणि उतरते, तुम्ही काही केलं नाहीत तरी उतरते. ते मला समजलं होतं, पण घडताना पहिल्यांदा त्या गादीवर पाहिलं.

त्यानंतर दर वेळी मी शब्द गोळा करू लागले. हा ठणका नव्हे, ही ठसठस. ही कळ नाही, चमक आहे. हे जड, हे आंबलेलं, हे सुन्न. रविवारी आईला फोन करून विचारायची, सणक आणि शिणक यात फरक काय गं? आईला आधी काळजी वाटली, मग तिलाच त्यात रस वाटायला लागला.

तिसऱ्या खेपेला एक चूक झाली, आणि ती माझी. संकष्टी होती, सकाळपासून पोटात पाणीसुद्धा धड नव्हतं आणि मी तशीच गेले. चौथी सुई लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात गुंई आवाज. सिन्सेंनी भराभर सगळ्या सुया काढल्या, पाय उशीवर चढवले, कोमट साखरपाणी पाजलं. सुईची भोवळ, त्यांच्याकडे यालाही नाव आहे. उपाशीपोटी, दमून किंवा घाबरून आलेल्याला ती येते. त्या खरोखर रागावल्या. विचारायचं आपण विसरलो म्हणून स्वतःवरही रागावल्या.

त्याच दिवशी मला उठू देईनात म्हणून गप्पा झाल्या. भारतात कुठली तू? मुंबई सांगितलं की लोकांना कळतं म्हणून मी नेहमी मुंबई सांगते. त्या दिवशी त्राणच नव्हतं, खरं ते सांगितलं, सोलापूर. मुलीने उच्चार दोनदा करून सांगितला, त्यांना काही बोध झाला नाही. मग मी म्हटलं, डॉक्टर कोटणीसांचं गाव. तेही कळलं नाही. शेवटी मी फोनवर त्यांचा फोटो शोधून दाखवला आणि त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. "ख दिह्वा!" शिज्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे. शाळेतून छिंगमिंगच्या दिवशी, म्हणजे पितरांच्या सणाला, तिथे फुलं वाहायला नेत असत, असं त्या सांगत होत्या. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यातले हे एक. १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. ते शल्यचिकित्सक होते, सुयांशी त्यांचा संबंध नाही. पण त्याच पथकातले डॉ. बिजय बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ते कोलकात्यात आणलं. भैया चौकातल्या त्या घरासमोरून मी शाळेत असताना रोज जायची. कधी आत गेले नव्हते.

त्यानंतर मी बरंच वाचलं. हे सगळं हजारो वर्षं जसंच्या तसं चालत आलंय, असं जे सांगतात ते खरं नाही. दंतकथेतला पीत (पिवळा) सम्राट आणि त्याचा वैद्य छी-बो यांच्या संवादातून लिहिलेला मूळ ग्रंथ दोन हजार वर्षांच्या आसपासचा, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून चालणारा, आपल्या चरकसंहितेची आठवण करून देणारा. त्यात नऊ प्रकारच्या सुया आहेत, त्यातल्या काही तर गळू फोडायच्या. १०२७ साली सोंग राजघराण्याच्या दरबारातल्या वांग वैयी यांनी माणसाच्या आकाराचे कांस्यपुतळे घडवून घेतले. बिंदूंच्या जागी भोकं, वरून मेणाचा थर, आत पाणी. विद्यार्थ्याची सुई बरोबर जागी गेली तर पाणी बाहेर यायचं. पण १८२२ मध्ये सम्राटानेच राजवैद्यकशाळेतून सुयांचा विभाग बंद केला आणि १९२९ मध्ये सरकारपुढे चिनी वैद्यकच मोडीत काढायचा प्रस्ताव आला. १९५०च्या दशकात नव्या राजवटीने ते पुन्हा उभं केलं, एकसारखं केलं, महाविद्यालयांत बसवलं. सिन्से शिकल्या ते हे. त्यात शरीरशास्त्रही होतं. नैग्वानच्या खालून हाताचा मोठा मज्जातंतू जातो, हे त्यांनीच मला सांगितलं.

गुण सुयांचा होता का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. चिंतेसाठी झालेल्या चाचण्यांत काहींना फायदा दिसतो, पण चाचण्या लहान आहेत. नाटकातल्या खंजिरासारखी टोक आत सरकणारी खोटी सुई वापरली तरी बऱ्याच लोकांना बरं वाटतं. माझी गोळीही त्याच काळात लागू पडत होती. सिन्सेंनी झोपेसाठी रानबोराच्या जातीच्या फळाच्या बिया सुचवल्या होत्या. डॉक्टर नको म्हणाले, मी घेतल्या नाहीत, आणि सिन्सेंनी आग्रह धरला नाही. तो त्यांचा मोठेपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. गोळी बंद करा असं त्या म्हणाल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशीच जाणं थांबवलं असतं.

पहिले तीन आठवडे दोनदा, मग आठवड्याला एकदा, अशा एकूण पंधरा खेपा झाल्या. एका वेळचे साठ-सत्तर डॉलर, विम्यात बसत नाहीत, हा भार हलका नाही. झोप सगळ्यात आधी सुधारली, चौथ्या आठवड्यापासून. मार्चमध्ये पाच झटके आले होते, मेमध्ये एक. ऑगस्टमध्ये विमानात एक आला, चांगलाच मोठा. मी डोळे मिटून मनात म्हणत होते, हात सुन्न, छाती भरून आलीये, खांदे आंबलेत. वीस मिनिटं लागली.

आता महिन्यातून एकदा जाते. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात गोळी अर्ध्यावर आणली आहे, सावकाश, त्यांच्या देखरेखीखाली. पुढची वेळ येत्या शनिवारची आहे आणि कॅलेंडर बघितलं तर नेमकी संकष्टी. आईला फोन केला. ती म्हणाली, "साबुदाण्याची खिचडी खाऊन जा, देव काही म्हणत नाही. आणि त्या बाईंसाठीही डबा ने."